तीन घरांची बासुंदी

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं आमच्याकडे बाबांच्या मालकीचं. पेन त्यांचं, पेन्सिल माझी. मी सुचवायचं, त्यांनी पक्कं करायचं. कोडं रचणाऱ्यांचं गोडावर भारी प्रेम. लाडू, पेढा, खीर दोन घरांत बसतात, जिलबी आणि श्रीखंड तीन, अनारसा चार, तर पुरणपोळीला पाच घरं. कुठलाही कोपरा भरायला एखादं पक्वान्न हाताशी असतंच.

पंचाईत व्हायची ती ‘दूध आटवून केलेलं पक्वान्न’ आलं की. बासुंदी की रबडी? दोन्ही तीन घरांची. छेदणारा उभा शब्द अडलेला असला, की प्रकरण स्वयंपाकघरात जायचं. ‘सायीचं काही लिहिलंय का? नाही ना? मग बासुंदी,’ आई तिथूनच निकाल द्यायची. बासुंदी ती सारखी ढवळायची, साय धरूच द्यायची नाही. रबडीला मात्र धरलेली साय उलथण्याने कढईच्या कडेला सारत जायची आणि दूध आटलं की ती खरवडून परत त्यात सोडायची.

कॉलेजात असताना लोकलमध्ये इंग्रजी कोड्यांचा नाद लागला. आर्थर विन यांचं पहिलं कोडं 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आलं, तेव्हापासून तिथे एका घरात एक अक्षर. आपल्याकडे काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं एकाच घरात नांदतं. इंग्रजीत श्रीखंडाला नऊ घरं लागतात, मराठीत तिनांत भागतं. पण छेदणारा शब्दही नेमका ‘श्री’चाच लागतो, नुसत्या ‘श’वर भागत नाही.

हल्ली सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेतलं कोडं माझ्याकडे असतं. जागा अर्धं पान, म्हणून सूत्रं छाटावी लागतात. ‘दूध मंद आचेवर आटवून, वेलदोडा-जायफळ घालून केलेलं पक्वान्न’चं आधी ‘दूध आटवून केलेलं पक्वान्न’ होतं, मग नुसतं ‘आटीव दूध’. तिथे हात आवरावा लागतो. दूध निम्म्यावर आलं की बासुंदी. आणखी आटवत राहिलं तर लिटरभर दुधाचा जेमतेम पाव किलो खवा हाती येतो. सूत्राचंही तसंच. फार आटवलं की त्यात रचणाऱ्याची हुशारी तेवढी उरते, सोडवणाऱ्याला धरायला काही राहत नाही. म्हणून कच्चं कोडं आधी शेजारच्या आजींना देतो. त्या जिथे पेन खाली ठेवतात, तिथे दोन शब्द परत घालतो.