सिंह म्हटलं, दिसलं कोकरू

होळी होऊन गेली की आमच्या नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, ख्रिस्ती सभांचे फलक दिसायला लागतात. शाळेच्या पटांगणात मांडव, तीन रात्री, बाहेरगावचे वक्ते, आणि फलकावर सगळ्यांत ठळक शब्द 'विजय'. विजयी जीवन, विजयी कुटुंब, सैतानावर विजय. वक्त्याच्या फोटोमागे बहुधा ज्वाळा नाहीतर जबडा फाकलेला सिंह. मी या सभांना जातो. गाणं ऐकायला जातो म्हणा. ढोलकी, पेटी आणि मांडवभर माणसांचा आवाज एकत्र आला की माझ्यासारख्या शंकेखोराचेही हात टाळीला येतात. पण गाणं संपून वक्ता उभा राहिला की मी जरा आक्रसतो. कर्ज फिटलं, व्हिसा मिळाला, पोटातली गाठ विरघळली. एवढं झालं की देव जिंकला, असा तिथला हिशेब असतो. गाठ विरघळली नाही तर चूक कोणाची, हेही त्या हिशेबात आपसूक ठरलेलं असतं.

माझ्या आत्याला हे तोंडावर ऐकावं लागलं. ती मिशनच्या शाळेत शिकवायची, पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचल्याशिवाय चहाला हात लावायची नाही. कर्करोगानं ती निम्मी झाली होती, तरी हट्टानं सभेला आली. प्रार्थना झाल्यावर एक तरुण वक्ता तिला म्हणाला, "ताई, विश्वास थोडा कमी पडतोय." आत्या ओरडली नाही. चष्मा पुसत म्हणाली, "बाळा, प्रभूनं बागेत तीनदा मागितलं, प्याला टळला नाही. त्याचाही कमी पडला होता का रे?" त्या पोराला काही सुचेना. तो 'आमेन' म्हणून पुढच्या माणसाकडे वळला. आत्या पुढच्या पावसाळ्यात गेली. शेवटपर्यंत तिची वाचनाची खूण रोज दोन पानं पुढे सरकत होती.

दुष्टाईवर अखेर देवाचाच जय आहे, हे मी मानतो. सवयीनं नाही, विचार करून मानतो. म्हणूनच तो जय इतक्या स्वस्तात वाटलेला मला बघवत नाही. देव जिंकला म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला टाळता येत नाही, कारण त्याच्या धर्माच्या मध्यभागी एक देहदंड आहे. दर रविवारी आम्ही विश्वासांगीकार म्हणतो. लहानपणापासून म्हणत असल्यामुळे त्यातली एक गोष्ट फार उशिरा माझ्या ध्यानात आली. त्यात सैतानाचं नाव नाही. येशू सोडला तर त्यात दोनच माणसं नावानिशी येतात, मरिया आणि पंतय पिलात. एक आई आणि एक सरकारी अधिकारी. जगातल्या साऱ्या दुष्टाईचा पत्ता सांगायचा तर त्या जुन्या ख्रिस्ती लोकांनी शिंगं-शेपटीवाला कोणी उभा केला नाही, रोमच्या एका सुभेदाराकडे बोट दाखवलं. समोरचा माणूस निर्दोष आहे हे त्याला कळलं होतं, गर्दीची भीतीही होती, आणि हात धुवायला पाणी जवळच होतं. मला हे शिंगांपेक्षा जास्त भयंकर वाटतं. असं पाणी प्रत्येक कचेरीत असतं. आणि उगाच दुसऱ्यांकडे बोट कशाला, मंडळीच्या कार्यकारिणीतही असतं.

उत्तम शुक्रवारी आमच्या मंदिरात दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, उपास असल्यामुळे पोरं दीड वाजल्यापासून चुळबुळत असतात. तहानेचा पाचवा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याविषयी मला नेहमी सहानुभूती वाटते. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली, घशाला कोरड पडलेल्या माणसांना तो तहानेवर पंचवीस मिनिटं सांगत असतो, आणि स्वतःच ओठांवरून जीभ फिरवत असतो. कोणी हसत नाही. त्या तीन तासांत विजयाचं नावही निघत नाही. निघू नये असंच मला वाटतं. आता आता काही तरुण पाळक शुक्रवारीच रविवारची बातमी देऊन टाकतात. लोक उदास होऊन घरी जाऊ नयेत हा त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण शिष्य त्या दिवशी उदास होऊनच घरी गेले होते, आणि शनिवारचा अख्खा दिवस त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांचा मुक्काम आयुष्यातला बराच काळ त्या शनिवारात असतो.

सभांच्या फलकावरचा सिंह प्रकटीकरणाच्या पुस्तकातून आलेला आहे. ते पुस्तक आमच्याकडे लोक दचकून वाचतात. श्वापदं, शिक्के, कर्णे, आकडे. कोणी त्यातून जगबुडीची तारीख काढतो, कोणी आधार कार्डात श्वापदाची खूण शोधतो. मुळात ते पात्म बेटावर अडकून पडलेल्या एका माणसानं इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा सात शहरांतल्या लहानलहान मंडळ्यांना लिहिलेलं आहे. रोमची सत्ता डोक्यावर, बादशहाच्या देवळात धूप जाळायचा दबाव, आणि मूठभर माणसं. त्याच्या पाचव्या अध्यायात योहानाला एक वडील सांगतो की रडू नकोस, यहूदाच्या वंशाचा सिंह जिंकला आहे. योहान बघतो, तर समोर सिंह नाहीच. वधलेलं असावं असं एक कोकरू उभं आहे. पुढे त्या पुस्तकात ख्रिस्ताला सिंह असं पुन्हा म्हटलेलं नाही. कोकरू मात्र शेवटच्या अध्यायापर्यंत सोबत करतं. त्याची जखम भरून आल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. फलक रंगवणाऱ्यांनी ऐकलेला सिंह रंगवला. योहानाला जे दिसलं ते फलकावर आलंच नाही, कारण वधलेल्या कोकराचं चित्र पाहून मांडव भरत नाही.

बाराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती मला वर्तमानपत्र वाचताना उपयोगी पडते. अजगर स्वर्गातून खाली टाकला जातो आणि पृथ्वीवर येऊन भयंकर खवळतो. का, तर आपले दिवस थोडे उरलेत हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे त्याचा थयथयाट हा त्याच्या जोराचा पुरावा धरायचं कारण नाही. हे मानायला सोपं नाही. बातम्यांत जळलेली घरं दिसतात, जळलेली मंदिरं दिसतात, तेव्हा 'हा पराभूताचा राग आहे' असं म्हणणं त्या घरातल्या माणसांपुढे निर्लज्जपणाचं ठरेल. मी ते त्यांना म्हणणार नाही. मला स्वतःला म्हणायला हरकत नाही, कारण माझ्या बाबतीत धोका रागाचा नसून हात धुण्याचा आहे.

माझी नोकरी छापखान्यात झाली. खिळ्यांच्या जमान्यात लागलो, ऑफसेट आल्यावर निवृत्त झालो, आणि मधल्या सगळ्या काळात प्रुफं तपासली. त्यामुळे केडगावच्या पंडिता रमाबाईंची एक गोष्ट मला इतरांहून वेगळी लागते. व्यासपीठावरून ती नेहमी अशी सांगतात: रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, शेवटची प्रुफं बाकी असताना प्रकृती ढासळली, त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले, दहा दिवसांत काम संपलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्यांनी डोळे मिटले. दहा दिवस म्हटल्यावर मांडवात 'हालेलूया' होतं. चमत्कार सगळ्यांना आवडतो. माझं लक्ष प्रुफांवर अडकतं.

कारण त्याच्या आदल्या जुलैमध्ये मनोरमा गेली होती. रमाबाईंची एकुलती एक लेक. वडील पटकीनं गेले तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. इंग्लंडात आईबरोबर तिचा बाप्तिस्मा झाला, पुढे तिनं केडगावात आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं, आणि रमाबाईंनंतर त्यांचा आश्रम, मुक्ती मिशन, तीच सांभाळणार असं धरून चाललेलं होतं. चाळिशीत गेली. रमाबाई त्रेसष्टीच्या, कान जवळजवळ गेलेले. त्या पुन्हा प्रुफांना बसल्या.

बाहेरच्याला हे कळणार नाही. दुःखात माणूस वाचू शकतो, प्रार्थना करू शकतो, गाऊसुद्धा शकतो. प्रुफं तपासू शकत नाही. वाचताना मन अर्थाकडे धावतं, आणि प्रूफ तपासताना अर्थाला दाराबाहेर ठेवून एकेका अक्षरावर थांबावं लागतं. देवनागरी खिळ्यांचं काम तर फारच किचकट. रफार निखळतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, 'ब'च्या पोटातली रेघ उमटत नाही आणि 'व' होतो, अनुस्वार तर हवेत उडाल्यासारखे नाहीसे होतात. माझी आई गेली त्या आठवड्यात एका मासिकाचा फॉर्म माझ्या टेबलावर होता. पहिली ओळ तीनदा वाचली आणि काहीच दिसेना, शेवटी फॉर्म सहकाऱ्याकडे सरकवला. रमाबाईंनी तर जे पुस्तक पुढ्यात घेतलं होतं त्यात अब्शालोमासाठी हंबरडा फोडणारा दावीद आहे, एका दिवसात सगळी मुलं गमावलेला ईयोब आहे. त्या मजकुरातले अनुस्वार त्या तपासत होत्या, कारण ते पुस्तक केडगावच्या आसपासच्या साध्या बाईला अडखळल्याशिवाय वाचता यावं अशी त्यांची इच्छा होती. आश्रमातल्याच मुलींनी खिळे जुळवले, तिथल्याच छापखान्यात ते छापलं गेलं, आणि 1924 मध्ये संपूर्ण बायबल बाहेर आलं. बाईंनी ते बांधलेलं पाहिलं नाही.

सभेतल्या हिशेबाप्रमाणे रमाबाईंचं आयुष्य म्हणजे पराभवांची यादी. दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला तर इथल्या समाजानं पाठ फिरवली, आणि इंग्लंडातल्या धर्मगुरूंशीही त्यांचं पटेना, कारण सांगितलं तेवढंच मानायची त्यांना सवय नव्हती. 1893 मध्ये पुण्यात शारदा सदन या त्यांच्या शाळेवरून वादळ झालं, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. मग 1896-97 चा दुष्काळ पडला आणि या बाई मध्य प्रांतात जाऊन रस्त्याकडेच्या पोरी गोळा करू लागल्या. त्यातल्या काही वाचल्या नाहीत. पुढे केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्या कोरडवाहू माळावर विहिरी खणल्या, बागा लावल्या, माग घातले.

मला विशेष वाटतं ते 1897 च्या प्लेगच्या वेळचं त्यांचं वागणं. पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची जी हेळसांड होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. राज्य इंग्रजांचं, त्यांचा धर्म तोच जो यांचा. गप्प बसल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती. सरकारनं आरोप झटकून टाकले. पण हात धुवायचं पाणी समोर आलेलं असताना त्यांनी ते लोटून दिलं, हे कागदावर राहिलं.

रमाबाईंना माझ्यासारखं कोरडं करून टाकण्यातही अर्थ नाही. 1905 च्या संजीवनाच्या, म्हणजे सामूहिक धर्मजागृतीच्या, वेळी केडगावात मुली रात्र रात्र रडत, ओरडत, थरथरत प्रार्थना करत होत्या, आणि बाईंनी त्यांना थोपवलं नाही. सैतान आहे याविषयी त्यांना शंका नव्हती. आमच्याकडच्या एखाद्या सभेत त्या असत्या तर कदाचित पुढच्या सतरंजीवर बसल्या असत्या आणि मी मागे खांबाला टेकून. मात्र रात्रभर त्या अदृश्य शत्रूविरुद्ध प्रार्थना करून सकाळी त्या विहिरीच्या कामावर जात, पोरींच्या धान्याचा हिशेब बघत. शेवट देवाच्या हाती सोपवलेला असल्यामुळे आज हातात आलेल्या अनुस्वाराकडे त्या लक्ष देऊ शकत होत्या. माझा विश्वास डगमगतो तेव्हा त्याच्या उलट घडतं. मी जगाच्या शेवटाची काळजी करतो आणि शेजाऱ्याचं दार वाजवायचं राहून जातं.

आमच्या मंडळीत रविवारी उपदेशाआधी विनंत्यांची वेळ असते. ज्याला प्रार्थना हवी तो उभा राहून सांगतो. आजारी माणसं, कोर्टाच्या तारखा, मणिपूर, नापास झालेली पोरं, सगळं एका दमात. एक बाई दर रविवारी उठतात आणि दारूत गेलेल्या मुलाचं नाव घेतात. मुलगा सुधारलेला नाही. मध्ये त्यानं घरातली भांडी विकली तेव्हाही त्या आल्या आणि तेच नाव घेतलं, भांड्यांचं काही बोलल्या नाहीत. हल्ली त्यांच्याबरोबर गल्लीतली आणखी एक आई येते. ती ख्रिस्ती नाही, पण तिच्याही घरी तोच प्रकार आहे. पहिल्या दिवशी ती संकोचून बसून राहिली, तर या बाईंनी तिच्या पोराचं नाव स्वतःच सांगून टाकलं.

गेल्या बैठकीत कार्यकारिणीपुढे प्रस्ताव आला की विनंत्या चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात, उपासना फार लांबते, आणि त्याच त्या विनंत्या ऐकून नवीन लोकांचा उत्साह जातो. मी विरोधात बोललो. आवाज जरा चढलाच. सेक्रेटरी म्हणाले, "काका, बसा, मतदान घेऊ." प्रस्ताव दोन मतांनी पडला. उपासना अजून पाऊण तास उशिरा सुटते, आणि त्यावरून तक्रारी चालूच आहेत.