पडद्यावरचे प्राणी आणि अंगणातले

जिंतूर तालुक्यातील आमच्या बोरी गावात पोळ्याच्या आदल्या सायंकाळी एक आजी आठ वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. पोटरीवर जखम होती. "तार लागली," असे मुलाने सांगितले. जखम तीन दिवसांची होती आणि तिच्यावर दातांचे व्रण स्पष्ट दिसत होते. मी रागावणार नाही असे वचन दिल्यावर तो रडत म्हणाला, "पिल्लांना दगड मारले, मग कुत्री चावली."

आजी थक्क झाल्या. "अहो डॉक्टरसाहेब, दिवसभर टीव्हीवर जनावरंच तर पाहतो हा!"

त्याला विचारले, तेव्हा समजले की त्याच्या आवडत्या कार्टूनमधील मांजर मार खाऊन दुसऱ्या क्षणी टुणकन उभे राहते. पिल्लाला दुखते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. यात मी त्या घराला दोष देणार नाही. दवाखान्याच्या धावपळीत माझ्याही मुलांना मी टीव्हीसमोर बसवून निश्चिंत झालो होतो.

त्या वेळी मला माझे आजोबा आठवले. 1984 मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली आणि दूरदर्शनवर मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम येऊ लागले. माझा धाकटा भाऊ ते पाहत असे. त्या कार्यक्रमांतील फारसे काही आज माझ्या स्मरणात नाही. स्मरणात आहेत ते त्याच्याशेजारी बसलेले आजोबा. "त्या वासराला काय वाटलं असेल रे?" असे ते मधूनच विचारीत. कार्यक्रम संपला की त्याला गोठ्यात नेऊन गाईच्या पाठीवर त्याचा हात ठेवीत. खांदेमळणीच्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावण्याचे काम त्याचेच असे. जू ओढून तो खांदा किती घट्टा पडलेला असतो, हे त्याला बोटांनी कळत असे.

आजी-आजोबांनो, हे काम आपल्याइतके निवांतपणे घरात दुसरे कोणी करू शकत नाही. प्राण्यांवरचा एखादा चांगला कार्यक्रम निवडा आणि नातवंडांसोबत बसून अर्धा तास पाहा. मध्ये एखादा प्रश्न विचारा. कार्टूनमधला मार खोटा असतो, खरे जनावर कळवळते, हे त्यांना स्पष्ट सांगा. नंतर अंगणात पाण्याचे एक परळ ठेवा आणि ते रोज भरण्याचे काम मुलाकडे द्या.

मात्र दया म्हणजे प्रत्येक जनावराला कुरवाळणे नव्हे. खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्याला त्रास न देता दूर राहणे, हीसुद्धा दयाच आहे.

आणि एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवा: कुत्रे चावले वा नखाने ओरबाडले, तर चूक कोणाचीही असो, घरी ताबडतोब सांगायचे, कोणी रागावणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळीच उपचार घेतल्यास हा आजार टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट किंवा चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला असला, तरीही जावेच.

त्या मुलाला मी लगेच सरकारी रुग्णालयात पाठविले. तेथे जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले, लस सुरू झाली आणि आजींनी लसीची एकही तारीख चुकविली नाही. शेवटच्या मात्रेनंतर दोघे मला भेटून गेले. मुलगा म्हणाला, "आता मी पिल्लांना लांबूनच पाणी ठेवतो."

"आणि टीव्ही?" मी विचारले.

आजी हसल्या. "आता आम्ही दोघं मिळून बघतो."