पस्तीस मायक्रॉन तांबे

मुद्रित परिपथाच्या ज्या पाटीला बाजारात सगळेच पीसीबी म्हणतात, तिच्यावरील तांब्याचा थर साधारणतः 35 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहून थोडा जाड असतो, आणि तो काचतंतू व इपॉक्सी यांपासून बनवलेल्या 1.6 मिलिमीटर जाडीच्या पाटीला चिकटवलेला असतो. नको ते तांबे काढून टाकून विजेच्या वाटा तेवढ्या मागे ठेवणे हा या विद्येचा गाभा असून, व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लरने 1936 च्या सुमारास लंडनमध्ये छापील परिपथावर रेडिओ बांधला, त्यानंतर आजवर तो फारसा पालटलेला नाही.

घरगुती रीतीत परिपथाचे चित्र लेझर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर उलटे छापतात आणि तापलेल्या इस्त्रीने ते तांब्यावर उतरवतात. टोनर हे मुळात वितळणारे प्लॅस्टिक असल्याने ते तांब्याला घट्ट बसते आणि त्याखालचा भाग फेरिक क्लोराइडच्या द्रावणापासून वाचतो. मात्र हे द्रावण खाली जितके खाते तितकेच जवळजवळ बाजूलाही खात असल्यामुळे बारीक रेघ आणखी बारीक होते, आणि अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद वाट राखताना कारागिराला द्रावणाची ऊब, पाटी हलवण्याची लय आणि ती बाहेर काढण्याची वेळ नजरेनेच ओळखावी लागते. कारखान्याला याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी रेघ नित्याची असते. उरलेल्या द्रावणात तांब्याचे क्षार असतात, त्यामुळे ते मोरीत किंवा बांधावर ओतणे हा निव्वळ बेजबाबदारपणा ठरतो; बालाघाटाच्या ज्या पट्ट्यात विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तळाला जाते, तिथे तर अधिकच.

द्रावण टाळण्याचा एक मार्ग महाराष्ट्रातच फार पूर्वी रुजला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात 2002 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकचलित यंत्रांची सार्वजनिक कार्यशाळा, उभी राहिली. अशा कार्यशाळांत पाटी खोदतात ती 0.4 मिलिमीटर व्यासाच्या, सहज मोडणाऱ्या कर्तकाने. काचेची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने तिथे कागद व फिनॉलिक राळेची पाटी पसंत करतात.

भूम तालुक्यातील ईटसारख्या गावी या विद्येचा सर्वांत सरळ उपयोग शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरमध्ये होतो, कारण थ्री-फेज वीज पाळीपाळीने, कधी दिवसा कधी रात्री, मिळत आली आहे आणि ती आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू व्हावी, पण तीनपैकी एक फेज गेल्यास लगेच थांबावी, एवढीच मागणी असते. एक फेज गेली तरी मोटार उरलेल्या दोन फेजांवर जादा प्रवाह ओढत राहते आणि तिचे वाइंडिंग जळते. तीन फेज तपासणे, काही सेकंद थांबणे आणि मग रिले ओढणे हे काम करणारा परिपथ टेबलावर सिद्ध करण्यास घरची एकेरी पाटी पुरेशी असते. किंबहुना तीच योग्य, कारण वेळेचा हिशेब चुकला तर संध्याकाळपर्यंत दुसरी पाटी तयार होते.

पण दोन फेजांमधील 415 व्होल्टचे शिखरमूल्य सुमारे 587 व्होल्ट असते, आणि स्टार्टरच्या पेटीत धूळ, ओल, मुंग्या व पाली हे ठरलेले रहिवासी असतात. उघड्या तांब्यावर धूळ ओलावली की दोन वाटांमध्ये गळती सुरू होते आणि पाटीचा पृष्ठभाग हळूहळू काळा पडून तोच वाहक बनतो. कारखान्यातील पाटीवरचा हिरवा लेप म्हणजे सोल्डर मास्क ही ओल बऱ्याच अंशी अडवतो, तर भोकांच्या आतून चढवलेले तांबे कॉन्टॅक्टरच्या दणक्यांनी हलणारे सांधे सुटू देत नाही. घरच्या पाटीत हे दोन्ही नसते. तरीही लेपाच्या भरवशावर फेजांच्या वाटा जवळ आणणे चूकच. त्यांत चार-पाच मिलिमीटर अंतर ठेवावे, आणि जागा नसेल तर मध्ये खाच मारून घ्यावी.

कारखान्याकडे जाते ती जर्बर फाइल, म्हणजे तांबे, लेप, छापील अक्षरे यांचे थरागणिक वेगळे चित्र, आणि भोकांची स्वतंत्र यादी. मांडणीचा खर्च एका पाटीलाही जवळपास तेवढाच पडत असल्याने एकच पाटी मागवण्यात फायदा नसतो. चित्रातली चूक तिथे कोणी दुरुस्त करत नाही, तीच सगळ्या पाट्यांवर निष्ठेने छापून येते. घरी पाटी करून हात बसलेल्याचे चित्र सहसा मोकळे असते, कारण दाट वाटांची किंमत त्याने द्रावणात मोजलेली असते. उलट, दोन बाजू फुकटात मिळाल्यासारख्या वापरणाऱ्याची पाटी देखणी असली तरी गावात दुरुस्त होत नाही. म्हणून अशा पाटीत रिले आणि स्क्रूचे टर्मिनल आरपार पायांचेच घ्यावेत, त्यांचे तांब्याचे पॅड मोठे ठेवावेत आणि प्रत्येक भागाचे मूल्य अक्षरांत छापून घ्यावे, म्हणजे मोटारी बांधणाऱ्या कारागिराला साध्या सोल्डरिंग गनने जळका रिले काढता येतो आणि नव्या पाटीसाठी पुण्याची वाट पाहावी लागत नाही.