आमच्या घरातला 'पॅरोल'

आधारवाडी म्हटलं की कल्याणकरांना दोनच गोष्टी आठवायच्या, डंपिंग आणि जेल. डंपिंग २०२१ मध्ये बंद झालं, जेल आहे. ५४० कैद्यांसाठी बांधलेलं, आणि आत माणसं त्याच्या कितीतरी जास्त. ठाण्याच्या सेंट्रल जेलचीही तीच कथा. मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला, क्षमता १,१०५, आणि आतली गिनती कायम त्याच्या वर. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये एका पायावर उभं राहणाऱ्यांना ही गर्दी काय चीज आहे ते वेगळं समजवायला नको. फरक एवढाच की आपण दादरला उतरतो!

माझा दादा इथल्याच एका जेलमध्ये कारागृह शिपाई आहे. कोणत्या ते सांगत नाही, बिचाऱ्याला नोकरी करायचीय.

एप्रिल २०२० मध्ये सरकारनं राज्यातली पाच जेल पूर्ण 'लॉकडाऊन' केली. आर्थर रोड, भायखळा, येरवडा, ठाणे आणि कल्याण. पुढे यादी वाढत गेली. लॉकडाऊन म्हणजे कसं, तर आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. स्टाफसुद्धा आतच राहणार, आणि बॅच बदलली की घरी. बॅग भरताना दादा म्हणाला, "आता आम्हीपण कच्चे कैदी. तारीख कधी पडेल सांगता येत नाही." आईला हा विनोद अजिबात आवडला नव्हता.

एवढं करूनही व्हायचं ते झालंच. मेच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोडमध्ये कैदी आणि स्टाफ मिळून शंभरावर लोक पॉझिटिव्ह निघाले. क्षमता ८०४ ची, आणि आत त्याच्या तिपटीहून जास्त माणसं. तिथे कसलं डोंबलाचं 'सोशल डिस्टन्सिंग'? बराकीत एकानं कूस बदलली की शेजारच्यालाही बदलावी लागते, असं दादा सांगतो. मग ८ मे ला राज्य सरकारनं नियम बदलून 'इमर्जन्सी पॅरोल' आणला. शिक्षा भोगणारे बरेच जण घरी गेले, कच्च्या कैद्यांना जामीन मिळाले, मुलाखती बंद होऊन त्याऐवजी व्हिडिओ कॉल आले.

मेच्या शेवटी दादाची बॅच सुटली. घरी आला तो शर्टाच्या आत एक पिल्लू घेऊन. डोंबिवली स्टेशनबाहेर सगळं बंद, वडापाववाले नाहीत, त्यामुळे तिथल्या कुत्र्यांचे जाम हाल चालले होते. हे एकटंच एका बंद शटरला टेकून बसलेलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला.

"दोघंही पॅरोलवर आलोय," दादानं दारातूनच जाहीर केलं. झालं, नाव पडलं.

आता पॅरोलचे पराक्रम ऐका. पहिल्या आठवड्यात त्यानं आईच्या दोन चपला, माझ्या लॅपटॉपचा चार्जर आणि गेल्या वर्षीचं कालनिर्णय खाल्लं. दादाच्या खाकी टोपीवर तर त्याचा विशेष जीव. टोपी तोंडात धरून तो सोफ्याखाली जायचा आणि बाहेर काढायला गेलं की हा खेळच आहे असं समजून आणखी आत सरकायचा. मी तेव्हा मास कॉमची डिग्री घेऊन नुकतीच घरी बसले होते, नोकऱ्यांचे इंटरव्ह्यू रद्द होत होते. खरं सांगायचं तर दिवसभरात मला कामाला लावणारा तो एकटाच होता.

जूनमध्ये दादा पुन्हा आत गेला. त्याच आठवड्यात पॅरोलला पहिलं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी बजावलं, कोर्स पूर्ण होईपर्यंत याला रस्त्यावर सोडायचं नाही, 'पार्व्हो'चा धोका आहे. हा पार्व्हो पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करतो, आणि जमिनीवर महिनोन् महिने टिकून राहतो. थोडक्यात, दादा तिकडे क्वारंटाइन, पॅरोल इकडे क्वारंटाइन, आणि जेलमध्ये फवारतात तेच सोडियम हायपोक्लोराइट आम्ही पातळ करून जिन्यात पुसत होतो.

खरी गंमत पुढेच आहे. इंजेक्शनच्या कार्डावर रोगांची यादी होती, आणि त्यात ठळक अक्षरात 'कोरोना'! सोसायटीतल्या कुणीतरी ते कार्ड पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत सेक्रेटरीकाका दाराबाहेर हजर. जुलै उजाडलेला, २ तारखेपासून कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक लॉकडाऊन. माणसं घाबरलेली होती, त्यांनाही दोष कसा द्यायचा? मी समजावलं, काका, हा कुत्र्यांचा जुना कोरोना आहे, पिल्लांचं पोट बिघडवणारा. आत्ताची साथ या व्हायरसची नाही. हाँगकाँगमध्ये एका पॉमेरेनियनला लागण झाली होती, तीसुद्धा मालकाकडून. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रकही दाखवलं. सोसायटीला बहुमतानंसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

काका कागद वाचत असतानाच फोन वाजला. दादा पॉझिटिव्ह.

आतमध्ये मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळे एरवी रात्री ड्युटी संपल्यावर दहा मिनिटं बोलणं व्हायचं. हा फोन दुपारी आला तेव्हाच आई खुर्चीत बसली होती. सेक्रेटरीकाका कागद परत देऊन एक शब्द न बोलता खाली गेले. तासाभरानं त्यांचा मुलगा दुधाच्या दोन पिशव्या दाराला लावून गेला.

पुढचे दिवस वाईट होते. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही. दादाच्या बॅचमधले एक हवालदारकाका, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले, ऑक्सिजनवर गेले ते परत आलेच नाहीत. दादाला ताप, खोकला, तोंडाला चव नाही. कोव्हिड सेंटरमधून तो जेमतेम दोन वाक्यं बोलायचा. एकदा आईनं विचारलं, काय हवंय का रे? तर म्हणाला, "पॅरोलचा आवाज ऐकव."

आता गंमत बघा, एरवी दिवसभर केकाटणारं हे कार्टं नेमकं त्या दिवशी गप्प! शेवटी मी टोपी सोफ्याखाली टाकली. मग जो काही दंगा सुरू झाला, तो दादा पाच मिनिटं नुसता ऐकत बसला होता.

तो घरी आला तो गल्लीच्या तोंडाशी उतरून चालत. उरलेले दिवस आतल्या खोलीत एकटा. पहिला प्रश्न त्यानं मलाच विचारला, "मने, त्याला माझ्यापासून होईल का गं?" डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले लांबच ठेवा, उगाच रिस्क नको. मग काय, बंद दाराच्या एका बाजूला हा खोकणार, दुसऱ्या बाजूला तो फटीत नाक खुपसून शेपटी आपटणार. दाराच्या खालच्या कडेचं पॉलिश तेव्हा जे गेलं ते आईनं अजून परत करून घेतलेलं नाही.

पाच वर्षं उलटली. पॅरोल आता चांगला दांडगा घोडा झालाय, पण वागणं शेंबड्या पोराचं. दादाची मधे बदली झाली. नव्या जेलमध्येही गर्दी तीच, गिनतीला उभं राहताना खांद्याला खांदा लागतोच म्हणे. रात्रपाळीहून आला की तो आधी टोपी उंच कपाटावर ठेवतो आणि मग बूट काढतो. परवा पॅरोलनं बूट पळवला.