लाल पेनाची काट

उत्तर ३१.६ आलं होतं. दहावीतल्या एका मुलीची वही. गणित नेहमीचंच: भूपृष्ठापासून ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग काढा. तिने पृथ्वीची ६,३७१ किलोमीटरची त्रिज्या मिळवलीच नव्हती, नुसत्या ४००ने भागलं होतं. मी काट मारली, शेजारी ‘त्रिज्या मिळव’ असं लिहिलं आणि पुढची वही ओढली.

वीस वर्षं मी असंच शिकवलं. हे गणित म्हणजे हक्काचे गुण. सूत्र पाठ करा, किमती घाला, वर्गमूळ चुकवू नका. यापलीकडे त्यात काही शिकवण्यासारखं आहे असं मला खरोखरच वाटत नव्हतं.

ती वही घेऊन परत आली. “बाई, चूक कळली. पण उपग्रहाला खरंच एवढा वेग दिला तर?”

सेकंदाला ३१.६ किलोमीटर! पृथ्वीच्या ओढीतून सुटायला जमिनीवरूनसुद्धा ११.२ पुरतात. तिचा उपग्रह फिरलाच नसता, कायमचा निघून गेला असता. हे मला ठाऊक होतं, तरी काट मारताना मनातसुद्धा आलं नाही. त्याची टोचणी अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सूत्र बाजूला ठेवलं आणि हातातला खडू सोडला. पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येते. पृथ्वीचा गोलावाही असा, की सरळ आठ किलोमीटर गेलं तर जमीन पाचच मीटर खाली गेलेली असते. म्हणजे सेकंदाला आठ किलोमीटर धावणारी वस्तू पडतच राहते, पण जमीन काही जवळ येत नाही. न्यूटनने डोंगरावरच्या तोफेचं उदाहरण घेतलं ते यासाठीच. मग गुरुत्व स्थिरांक आणि पृथ्वीचं वस्तुमान यांचा गुणाकार, किलोमीटर-सेकंदांत ३,९८,६००, आम्ही ६,७७१ने भागला. वर्गमूळ ७.६७. ताळा मुलांनीच केला: आठाच्या जवळ, थोडं कमी, कारण तिथे ओढही थोडी कमी.

मग एकाने ३६,००० किलोमीटरवरचा, घरच्या डिशचा उपग्रह घेतला. ३.०७. वर जावं तसा वेग कमी! त्यावर तास संपेपर्यंत वाद चालला आणि मी तो थांबवला नाही.

त्या मुलीला गुण दिले नाहीत. उत्तर चूकच होतं. पण आता काट मारली, की तो उपग्रह कुठे गेला असता तेही शेजारी लिहिते.