तळाची नोंद

दुसरबीडच्या शिवारात विहीर खणताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. हा सगळा लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला. जवळच लोणार. या काळ्या दगडातला 1.8 किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा म्हणजे ज्वालामुखीचंच तोंड, असं कितीतरी जाणकार मानत. 1973 साली तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघाताने काच झालेलं फेल्डस्पार, सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली. अंदमान समुद्राच्या नोंदी वाचताना लोणार माझ्या मनात असतंच. नुसत्या आकारावर मी भिस्त ठेवत नाही.

अंदमानच्या तळाच्या नकाशात विवर असलेले डोंगर दिसतात. ते ज्वालामुखी आहेत, पण जागे की निजलेले, हे नकाशावरून कळत नाही. त्यासाठी तळावर भूकंपमापक सोडतात. यंत्र खाली बांधलेल्या वजनाने बुडतं, महिनोन्‌महिने नोंद करतं आणि जहाजावरून ध्वनीची खूण मिळाली की वजन टाकून वर तरंगतं. खाली जीपीएस पोहोचत नाही, त्यामुळे यंत्राचं घड्याळ किती सरकलं हे मी सगळ्यांत आधी तपासतो. एका सेकंदाच्या फरकानेही भूकंपाची जागा काही किलोमीटर हलते.

मग खरं वाचन. खडक तुटला की रेषा टोकदार उठते. पहिली लाट आणि दुसरी लाट वेगवेगळ्या ओळखू येतात. भेगांतून मॅग्मा किंवा वायू सरकतो तेव्हा कंप हळूच सुरू होतो, खालच्या सुरात लांबत जातो आणि दुसरी लाट शोधूनही नीट सापडत नाही. फिन व्हेलची हाकही याच नोंदीत उमटते, 20 हर्ट्झच्या आसपास, ठरावीक अंतराने. नजर बसली की ती लगेच वेगळी काढता येते. तळाच्या प्रवाहाने यंत्र थरथरतं, ते मात्र फार फसवं. भरती-ओहोटीच्या वेळांशी ताडून पाहिल्याशिवाय अशा कंपाला मी ज्वालामुखीचं नाव देत नाही.

21 आणि 22 मार्च 2014 रोजी निकोबारजवळ भूकंपांची मालिका झाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तळयंत्रांनी ती टिपली. त्यात खालच्या सुराचे कंप होते आणि संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा संबंध मॅग्माच्या हालचालीशी जोडला. याच संस्थेचे अभय मुधोळकर आणि सहकारी 23 जानेवारी 2017 रोजी ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून बॅरन बेटाजवळ तळाचे नमुने घेत होते, तेव्हा ज्वालामुखीने राख उधळली. अंधार पडल्यावर लाल लाव्हाही दिसला. बॅरनचं टोक पाण्यावर सुमारे 350 मीटर आहे, म्हणून ते दिसलं. पूर्ण बुडालेल्या डोंगराच्या बाबतीत पाण्याचं तापमान, गढूळपणा, विरघळलेले वायू आणि कंप हे सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं.

आणि आपल्याकडे ही जुळवाजुळव उशिरा होते, कारण यंत्र वर आल्यावरच नोंद हाती येते. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यासमोरच्या अ‍ॅक्सियल ज्वालामुखीवर तळापर्यंत केबल नेलेली आहे. एप्रिल 2015 मध्ये तो फुटला तेव्हा तळ दोन मीटरहून जास्त खचत होता आणि शास्त्रज्ञ किनाऱ्यावर बसून ते त्याच वेळी पाहत होते. अशी केबल अंदमानात, निकोबारच्या बाजूला आधी टाकायला हवी.