आपोआप

धाकट्या भावाकडे मिनेसोटात एक हिवाळा काढला, तेव्हा कळले की, आपोआप चालणाऱ्या वस्तूंनाच अधिक जपावे लागते! पारा उणे २० अंशांवर उतरला की, थेंब पडताच फिरणारे वायपर काचेला चिकटतात. कुलूप लावताच मिटणारे आरसे सांध्यांत गोठतात. तरीही बिचारे हुकूम पाळायला जोर लावतात. मग रबर फाटते, मोटर जळूही शकते. म्हणून भाऊ रात्री गाडीतून उतरण्यापूर्वी त्यांना सुटी देई. सकाळी हलक्या हाताने बर्फ खरवडी; उकळते पाणी मात्र कधी ओतीत नसे, काच तडकते.

आमच्या वर्गातही अशी आज्ञाधारक मुले असतात. 'जमत नाही' म्हणायला त्यांना कुणी शिकवलेलेच नसते. हल्ली पाढ्यांआधी मी तेवढे शिकवतो.